‘हे ॲबा न्हवंच!’ : एका अल्बमवरून चाहत्यांत दोन तट का पडतात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोल्हापुरात शाहूपुरीत मामांच्या घरी रविवारची दुपार होती. बाहेर झड लागलेली, मोबाइलवर पंचगंगेच्या पाण्याच्या बातम्या येत होत्या आणि आत भजी तळणं चाललं होतं. मामेबहिणीनं स्पीकरवर ॲबा या बँडचा ‘द व्हिजिटर्स’ हा अल्बम लावला. पहिलं गाणं संपेपर्यंत मामा गप्प बसले. मग म्हणाले, “हे काय लावलंयस? ॲबा लाव की.”

“बाबा, ॲबाच आहे.”

“ह्यॅ! हे ॲबा न्हवंच.”

पुढचा तासभर भजी गार झाली आणि भांडण गरम झालं. गणपतीत मंडळांच्या साऊंडचं काम करणारा माझा मित्र नेमका तिथं होता, त्यानं मधेच तेल ओतलं. मला मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. शाहूपुरीतल्या त्या खोलीत जे चाललं होतं, तेच ॲबाचे चाहते जगभर चाळीसहून जास्त वर्षं करतायत. एका तटाला हा अल्बम बँडचं सगळ्यात पिकलेलं काम वाटतो, दुसऱ्याला तो थंड आणि उदास वाटतो. आणि या दोघांच्या पलीकडं फार मोठा तिसरा गट आहे, ज्याला असा काही अल्बम आहे हेच ठाऊक नाही. हे असं का झालं, ते जरा उलगडून बघू.

आधी ओळख. ॲबा हा स्वीडनचा चौघांचा बँड. ॲग्नेथा आणि फ्रीडा या गायिका, ब्यॉर्न आणि बेनी हे गाणी रचणारे. फ्रीडाचं पूर्ण नाव ॲनी-फ्रीड, म्हणून चौघांची आद्याक्षरं जोडली की ‘ॲबा’ होतं. १९७४ साली ब्रायटनला युरोव्हिजन स्पर्धेत ‘वॉटर्लू’ गाऊन ते जिंकले आणि नाव झालं. इंग्रजी गाण्यांशी तुमचा काही संबंध नसला तरी ॲबा तुमच्या कानावरून गेलेला आहेच. ‘हम किसीसे कम नहीं’मधलं ‘मिल गया हम को साथी’ आठवा, त्याची चाल ‘मामा मिया’वरून उचललेली आहे.

या चौघांत दोन जोडपी होती. ॲग्नेथा आणि ब्यॉर्न, फ्रीडा आणि बेनी. पहिली जोडी वेगळी होतेय हे १९७९च्या जानेवारीत जाहीर झालं, दुसरी १९८१च्या फेब्रुवारीत. ‘द व्हिजिटर्स’ त्याच १९८१ सालभर रेकॉर्ड होत होता आणि ३० नोव्हेंबरला बाजारात आला. म्हणजे बघा, नवरा-बायकोचं नातं संपलंय, शब्द लिहितोय ब्यॉर्न आणि काचेपलीकडं माइकसमोर उभी राहून ते गातेय त्याची आधीची बायको. आपल्याकडं बांधाच्या वादावरून सख्खे भाऊ वीस वर्षं बोलत नाहीत. हे लोक एकत्र कोरस गात होते.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण निम्मा वाद त्यावरच चालतो. ‘द व्हिजिटर्स’ म्हणजे घटस्फोटाचा अल्बम, असं सर्रास म्हटलं जातं. पण ॲबाचं घटस्फोटावरचं सगळ्यात गाजलेलं गाणं, ‘द विनर टेक्स इट ऑल’, या अल्बममध्ये नाहीच. ते आदल्या वर्षीच्या, १९८०च्या ‘सुपर ट्रूपर’मध्ये आहे. तिथं ते दु:ख मोठ्यानं, पदर पसरून मांडलंय आणि त्याच्या आजूबाजूला नाचायला लावणारी गाणी आहेत. दु:ख संपलं की पुढचं गाणं तुम्हाला उठवतं. ‘द व्हिजिटर्स’मध्ये उठवणारं असं जवळजवळ कुणी नाही. फ्रीडानं गायलेलं ‘व्हेन ऑल इज सेड अँड डन’ हे तिच्या आणि बेनीच्या वेगळं होण्यावरचं गाणं, शब्द ब्यॉर्नचे. त्यात रडारड नाही, आरोप नाहीत. सगळं आवरून झाल्यावर घराला कुलूप लावावं तसा त्याचा सूर आहे. ज्यांना हे भिडतं त्यांना फार भिडतं. बाकीच्यांना वाटतं, यात भावनाच नाही.

आणि बाकीची गाणी तर घटस्फोटावर नाहीतच. पहिलंच गाणं, ज्यावरून अल्बमचं नाव पडलं, ते घरात लपल्यासारखं बसलेल्या माणसाचं आहे. दारावरची बेल वाजते आणि त्याची घाबरगुंडी उडते. कोण आलंय ते त्याला माहीत आहे, गाणं मात्र आपल्याला सांगत नाही. ब्यॉर्ननं पुढं खुलासा केला की त्याच्या डोळ्यांपुढं सोव्हिएत रशियातले सरकारविरोधी लोक होते. हे कळलं की गाण्याच्या सुरुवातीचा तो तंबोऱ्यासारखा घोळत राहणारा सिंथेसायझर आणि फ्रीडाचा मुद्दाम यंत्रातून काढल्यासारखा आवाज, दोन्हींचा अर्थ लागतो. पण ‘डान्सिंग क्वीन’च्या अपेक्षेनं बसलेल्या माणसाला पहिल्या मिनिटालाच ही भीती समोर वाढली, तर तो काय करणार? मामांनी जे केलं तेच.

‘सोल्जर्स’ युद्धाच्या चाहुलीचं. ‘आय लेट द म्युझिक स्पीक’ तर पॉप गाणं कमी आणि नाटकाचा प्रवेश जास्त. बेनी आणि ब्यॉर्न पुढं ‘चेस’ या संगीतिकेकडं वळले, तिची पायवाट इथून निघते असं मला वाटतं. ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’मध्ये दप्तर घेऊन शाळेला निघालेली मुलगी आणि दारात उभी राहून बघणारी आई. ते ब्यॉर्ननं स्वत:च्या मुलीवर लिहिलं आणि गायलं त्या मुलीच्याच आईनं, ॲग्नेथानं. लेक पुण्याला शिकायला गेल्यापासून मामी हे गाणं लागलं की स्वयंपाकघरात काहीतरी काम काढतात. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, मुलीनं एकदा अर्थ सांगितला होता तेवढाच.

आता तो ‘थंड’ शब्द. हा शब्द अल्बमबद्दल सगळीकडं ऐकू येतो आणि त्यात गाण्यांच्या विषयाइतकाच वाटा रेकॉर्डिंगच्या तंत्राचा आहे. आमचा साऊंडवाला मित्र इथंच सरसावला. “मामा, गाणं थंड न्हाई, मोकळं हाय. मधी भरताडच न्हाई.” त्याचं म्हणणं समजायला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत.

पहिली, जुन्या ॲबाचा आवाज इतका भरलेला का वाटतो? त्यांचे रेकॉर्डिंग इंजिनिअर मायकेल ट्रेटोव यांनी ‘रिंग रिंग’ गाण्यापासून एक युक्ती वापरली. वाद्यमेळ एकदा टेपवर घ्यायचा, मग टेपचा वेग अगदी किंचित बदलून तोच वाद्यमेळ पुन्हा त्याच्यावर वाजवून घ्यायचा. दोन्ही जुळतात, पण तंतोतंत नाही. त्या केसभर फरकामुळं आवाज रुंद होतो. अंबाबाईच्या देवळात आरती ऐकताना हेच होतं. एकट्या पुजाऱ्याचा सूर एक रेघ असते. शे-दोनशे माणसं म्हणायला लागली की ती रेघ नदी होते, कारण त्यातली कुठलीही दोन माणसं नेमक्या एका सुरात नसतात. दोन्ही गायिकांचे आवाजही असेच थरावर थर चढवून घेतलेले असत. मामांच्या मनातलं ॲबा म्हणजे ही आरती.

दुसरी गोष्ट टेपची. टेपवर चुंबकीय कणांचा थर असतो, आवाजाच्या लहरी त्यावर सलगपणे उमटतात. आवाज फार मोठा झाला की टेप तो थोडा दाबून घेते, कडा गोल करते, आणि पाठीमागं बारीक ‘सस्स’ कायम चालू असतो. थोडक्यात, टेप बरंच काही पोटात घालते. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये आवाज सलग उमटत नाही, ठरावीक अंतरानं मोजला जातो आणि ते आकडे साठवले जातात. बाबूराव पेंटरांच्या गावात हे समजावणं सोपं आहे. सिनेमात पडद्यावर माणूस चालताना दिसतो, पण रिळावर सेकंदाला २४ स्थिर चित्रंच असतात. आवाजाच्या बाबतीत हे खूप दाट लागतं. सीडीवर एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजमाप असतं. ‘सस्स’ नाही, दाबणं नाही, पोटात घालणं नाही. जे वाजलं ते तसंच, उघडंवाघडं.

ॲबाच्या मालकीचा पोलर स्टुडिओ स्टॉकहोममध्ये १९७८ साली उभा राहिला, एका जुन्या थिएटरच्या इमारतीत. १९८१मध्ये तिथं ‘थ्री एम’ कंपनीचं ३२ ट्रॅकचं डिजिटल यंत्र आलं आणि ‘द व्हिजिटर्स’ अर्ध्या वाटेत त्यावर गेला. सुरुवातीची तीन गाणी, ‘व्हेन ऑल इज सेड अँड डन’, ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’ आणि ‘टू फॉर द प्राइस ऑफ वन’, टेपवर झाली होती, पुढची डिजिटलवर. गंमत म्हणजे त्या दुपारी मामांनी मान डोलवली ती यातल्या पहिल्या गाण्याला. मित्र उडालाच, “बघा, टेपचं हाय म्हणून!” मी त्याला जरा धीर धर म्हटलं. त्या गाण्याचा ताल चालता आहे, चाल लगेच पकडते, मामांना तेवढं पुरेसं असणार. शिवाय टेपवरची ही गाणीही शेवटी बाकीच्यांच्या रांगेत बसतील अशीच बांधली गेली. तंत्रानं आवाजाचा पोत बदलतो हे खरं, पण थंडी सगळी यंत्रातून आलेली नाही. थर कमी ठेवायचे, आवाजाभोवती जागा सोडायची, हे ठरवणारी माणसंच होती.

या अल्बमचं आणखी एक नवल. १७ ऑगस्ट १९८२ला जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेनच्या कारखान्यात जगातल्या पहिल्यावहिल्या सीडी निघाल्या, त्यात ‘द व्हिजिटर्स’ होता. इतिहासात जागा पक्की. लोकांच्या कपाटात मात्र नाही.

का नाही? अल्बम पडला होता असं म्हणावं तर तेही खरं नाही. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. ‘वन ऑफ अस’ तिथं तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. पण त्यानंतर आलेलं ‘हेड ओव्हर हील्स’ २५व्या क्रमांकावर अडकलं, आणि कित्येक वर्षं एकामागून एक गाणी पहिल्या दहात घालणाऱ्या बँडसाठी ती घसरण होती. अमेरिकेत अल्बम २९व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. बँडचा शेवटचा दौरा १९८०च्या मार्चमध्ये जपानात संपला होता, त्यामुळं ही गाणी घेऊन ते गावोगाव फिरलेच नाहीत. १९८२ संपता संपता कामच थांबलं. बँड मोडला अशी घोषणाही कुणी केली नाही.

मग खरा घाव बसला तो १९९२ साली, आणि तो बसला प्रेमानं. ‘ॲबा गोल्ड’ हा निवडक गाण्यांचा संग्रह आला. १९ गाणी. नव्या पिढीला ॲबा कळला तो या एका संग्रहातून. त्या १९मध्ये ‘द व्हिजिटर्स’मधलं गाणं आहे फक्त एक, ‘वन ऑफ अस’. पुढच्या वर्षीच्या ‘मोअर ॲबा गोल्ड’मध्ये आणखी तीन घेतली, पण दुसरा भाग पहिल्याइतका कोण घेतो?

आपल्याकडं हेच काम त्याच्याही आधी आपण स्वत: करून ठेवलं होतं. मामांच्या तरुणपणी इंग्रजी गाण्यांची अख्खी एलपी घेणं खिशाला जड होतं. दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि कोऱ्या कॅसेटवर ‘भरून’ घ्यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एकेक जागा मोलाची, तिथं दारावरच्या बेलला घाबरणारा माणूस कशाला कोण भरेल? मामांची ती कॅसेट अजून आहे. ए बाजूला ॲबा, बी बाजूला बोनी एम. मामांच्या कानातला ॲबा त्या ए बाजूइतका आहे, आणि तो त्यांनीच निवडलेला आहे. त्यामुळं “हे ॲबा न्हवंच” हे त्यांच्या दृष्टीनं शंभर टक्के खरं होतं.

मामेबहीण उलट्या दारानं आली. २००८च्या ‘मामा मिया’ सिनेमात ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’ आणि ‘व्हेन ऑल इज सेड अँड डन’ ही दोन्ही गाणी आहेत, तिनं ती आधी तिथं ऐकली. तिच्यासाठी ॲबा म्हणजे मुळातच आई-लेकीची आणि पन्नाशीतल्या माणसांची गाणी. ‘डान्सिंग क्वीन’ तिला लग्नातलं गाणं वाटतं.

वादातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा तर वेगळाच आहे. भांडणारे दोघं बऱ्याचदा एकच अल्बम ऐकत नसतात. १९८१च्या मूळ एलपीत नऊ गाणी होती, एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला पाच. शेवटचं ‘लाइक अॅन एंजल पासिंग थ्रू माय रूम’, त्यात फ्रीडा एकटी गाते आणि मागं घड्याळाची टिकटिक. टिकटिक थांबते, अल्बम संपतो. असा शेवट फार थोड्या पॉप बँडना जमलाय. पण नंतरच्या सीडींमध्ये त्याच्यापुढं जादा गाणी जोडली गेली, बहुतेक १९८२ची, ‘द डे बिफोर यू केम’, ‘कसँड्रा’, ‘अंडर अटॅक’ वगैरे. गाणी चांगली आहेत, ‘द डे बिफोर यू केम’ तर मला जिवापाड आवडतं. पण टिकटिक थांबल्यावर पाठोपाठ दुसरं काही सुरू झालं की त्या शांततेचं काय उरलं? कीर्तन संपून आरतीही झाली आणि बुवांनी पुन्हा वीणा उचलली, तसं होतं ते. एकानं नऊ गाण्यांचा अल्बम ऐकलेला, दुसऱ्यानं तेरा-चौदांचा, आणि दोघं म्हणतायत ‘अल्बम लांबतो’ आणि ‘अल्बम नेमका आहे’. दोघंही बरोबर. तुम्ही फोनवर ऐकणार असाल तर नवव्या गाण्यानंतर बंद करा, एवढं ऐका माझं.

मुखपृष्ठावरूनही वाद असतो. चौघं अंधाऱ्या खोलीत लांब लांब, कुणी कुणाकडं बघत नाही. ‘बोलणंच बंद होतं, म्हणून’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. वास्तविक ती जागा म्हणजे स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयातला चित्रकार युलियस क्रोनबर्ग यांचा स्टुडिओ, मागं पंख असलेल्या इरॉस या प्रेमदेवतेचं भलंमोठं चित्र. व्हिजिटर्स म्हणजे पाहुणे आणि हे पाहुणे म्हणजे देवदूत, या कल्पनेवरून मुखपृष्ठकार रूने सडरक्विस्ट यांनी ती निवडली. खोली गरम करायची सोय नव्हती, थंडी अक्षरश: होती. आता त्यांच्यातला ताण फोटोत उतरला नसेल असं मी म्हणणार नाही. पण फोटो बघून गाणी ऐकली की गाणी जास्त थंड वाटतात, हे मात्र स्वत: करून बघा.

कोल्हापूरला हा वाद नवा वाटायचं कारण नाही. इथं शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गायले. तरुणपणी त्यांचा आवाज गेला, आणि परत आला तो पूर्वीसारखा नव्हता, असं सांगतात. त्या आवाजाला पेलेल अशी वळणावळणाची, बुद्धीला काम देणारी गायकी त्यांनी घडवली. तिलाच आपण जयपूर-अत्रौली म्हणतो. आजही तिच्याबद्दल दोन मतं ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं हीच खरी विद्या, कुणी म्हणतं अवघड आहे, काळजाला हात घालत नाही. इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेच्या एखाद्या जुन्या श्रोत्याला ‘द व्हिजिटर्स’ ऐकवला तर तो ॲबा ओळखणार नाही, पण वाद लगेच ओळखेल.

आमचं मत विचाराल तर मी मामेबहिणीच्या बाजूचा, पण अर्धाच. पहिली बाजू मला बांधून ठेवते, दुसरी बाजू मधे सैल होते. आणि बँडनं स्वत:च यात मत दिलंय असं म्हणता येईल. २०२२ साली लंडनमध्ये त्यांच्या डिजिटल प्रतिमांचा ‘ॲबा व्हॉयेज’ हा कार्यक्रम सुरू झाला. सगळी गाजलेली गाणी हाताशी असताना पडदा उघडतो तो ‘द व्हिजिटर्स’वर. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग पुढचं गाणं चांगलं असंल.”

एका गाण्यावर मात्र आमच्यात दुमत नाही. ‘टू फॉर द प्राइस ऑफ वन’. एकाकी माणूस वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून फोन करतो, एकाच्या भावात दोन बायका मिळणार म्हणून खूश होतो आणि शेवटी कळतं की दुसरी म्हणजे तिची आई. विनोद आहे म्हणे. अल्बमचे कट्टर भक्तसुद्धा इथं खाली बघतात. ते साडेतीन मिनिटांचं आहे आणि मामांच्या गॅसवर तेवढ्यात चहाला पहिली उकळी येते. परवा पुन्हा अल्बम लावला, सातवं गाणं सुरू झालं तसे मामा न बोलता उठले. मामेबहीण मागून म्हणाली, “बाबा, आलं जास्त घाला.”